मानवलं नाही, तर बदला

मराठीत ‘मानवणं’ हा फार सोयीचा शब्द आहे. पाणी मानवत नाही, हवा मानवत नाही, रात्रीचा भात मानवत नाही. कुणाला दोष न देता, कुणाचं मन न मोडता नकार देता येतो. लग्न होऊन ग्वाल्हेरहून इंदूरला आले आणि केस गळायला लागले, तेव्हा मीही ‘नर्मदेचं पाणी मानवत नाही’ म्हणून मोकळी झाले होते. आमच्या ह्यांना ब्लडप्रेशरची पहिली गोळी मानवली नाही. रात्रभर कोरडा खोकला. डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळी बदलून दिली. ‘जरा सहन करायला शिका’ असं त्यांना घरात कुणी म्हटलं नाही.

हाच शब्द बाईने पाळणा लांबवण्याच्या साधनाबद्दल वापरला की मात्र गाडी अडते. तिथे ती नाजूक ठरते, कुरकुरी ठरते, नाहीतर ‘सगळ्यांनाच होतं’ या वाक्याने गप्प बसते.

आपलं मासिक घरातले सगळे वाचतात हे मला ठाऊक आहे. या विषयावर लिहिणार म्हटल्यावर संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी घसा खाकरला होता. पण र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यांच्या भाषेत आपण शंभर वर्षांनी तरी हळू आवाजात बोलायला हरकत नाही.

निमित्त सांगते. गेल्या महिन्यात महिला शाखेने रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. माझ्याकडे नावं लिहून घेण्याचं आणि चिठ्ठ्या वाटण्याचं काम होतं. तिशीतली एक मुलगी, नोकरी करणारी, पदरी एक लेकरू. तिचं हिमोग्लोबिन आलं ८.१. बाईचं बारा तरी हवं. मी चिठ्ठी देताना जरा थांबले, तर हसून म्हणाली, “काकू, तांबी बसवली आहे ना, तेवढं चालायचंच.” डॉक्टरांना सांगितलंस का, विचारलं. “सांगितलं होतं. सुरुवातीला होतं म्हणाल्या.” कधी सांगितलं होतंस? “बसवली तेव्हा. तीन वर्षं झाली.”

नाव न घालता लिहायला तिने परवानगी दिली आहे, म्हणून लिहिते. तीन वर्षं ती मुलगी दर महिन्याला आठ-नऊ दिवस रक्त घालवत होती, ऑफिसचे जिने चढताना मधे थांबत होती, आणि हे सारं तिने तांबीच्या हिशेबात धरून टाकलं होतं.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हे उत्तम साधन आहे हे आधी सांगते, नाहीतर उद्या चार जणी काढून टाकायला धावतील. प्लास्टिकचा इंग्रजी टी अक्षरासारखा छोटा तुकडा, त्यावर तांब्याची तार. गर्भाशयात बसवला की तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. यात हॉर्मोन नाही. ३८०-ए नावाची तांबी दहा वर्षं चालते, आणि मूल हवं असेल तेव्हा काढली की लगेच दिवस राहू शकतात. पण तिचा ठरलेला त्रास म्हणजे पाळीत जास्त रक्त जाणं आणि पोट दुखणं. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बहुतेकींचं ते कमी होतं. काहींचं होत नाही. आणि आपल्याकडे मुळातच बायकांच्या अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका पंडुरोगी निघाल्या. अशा शरीरात तांबी बसवताना आधी हिमोग्लोबिन पाहायला हवं आणि नंतरही पाहत राहायला हवं. ‘सुरुवातीला होतं’ हे उत्तर बरोबर आहे, पण सुरुवात कधी संपते तेही त्याच वेळी सांगितलं पाहिजे. ‘थांबा’ या सल्ल्याला तारीख हवी.

मला हे ठामपणे सांगता येतं, कारण मी या वाटेने गेले आहे.

धाकटा मुलगा १९९५ चा. तो दीड महिन्याचा असताना मी तांबी बसवून घेतली. आधी माझी पाळी चार दिवसांची होती, ती नऊ दिवसांवर गेली. मी शाळेत शिकवत होते. त्या आठवड्यात मी फक्त गडद रंगाच्या साड्या नेसायची, आणि चौथ्या तासानंतर खुर्चीवरून उठायच्या आधी मागे हात फिरवून पाहायची. नववीच्या मुलींनी ते ओळखलं होतं. एक जण माझ्या वह्यांचा गठ्ठा न सांगता स्टाफरूममध्ये नेऊन ठेवायची. डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, ते मी थांबले. तीन महिन्यांनी तेच उत्तर मिळालं. सहा महिन्यांनीही तेच. तोवर हिमोग्लोबिन ८.४ वर आलं होतं आणि आमच्या स्नेहलतागंजच्या वाड्याचा जिना मी दोन दमांत चढत होते.

सोडवणूक केली ती सासूबाईंनी. एक दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून त्या माझं चढणं बघत होत्या. म्हणाल्या, “काढून टाक ते. पण काढायच्या आधी दुसरं काय घ्यायचं ते ठरवून ये. रिकामी येऊ नकोस.”

तेव्हा मला त्यांच्या लूपबद्दल कळलं. १९६५ पासून सरकारने लूपचा मोठा प्रसार केला होता. अमेरिकेतल्या डॉक्टर जॅक लिपीस यांनी काढलेलं ते प्लास्टिकचं नागमोडी साधन. स्वस्त, एकदा बसवलं की विसरून जा, असा त्याचा लौकिक. लाखो बायकांना ते बसवलं गेलं. जिल्ह्यांना आकडे ठरवून दिलेले होते, आणि मोजले जायचे ते बसवलेले लूप. बसवल्यावर त्या बाईचं काय झालं हे विचारायला परत कोण येणार? रक्तस्राव आणि कंबरदुखीच्या तक्रारी घेऊन बायका आल्या, तर कित्येक ठिकाणी ऐकून घ्यायला माणूस नव्हतं. मग अफवा उठल्या, भीती बसली आणि दोन-तीन वर्षांत लूपकडे बायका फिरकेनाशा झाल्या. साधन तितकं वाईट नव्हतं. न मानवणारीची विचारपूस झाली नाही, म्हणून ते बदनाम झालं, असं माझं मत आहे.

सासूबाईंना १९६६ मध्ये एका शिबिरात लूप बसवला होता. अंगावरून जायला लागलं. काढायला गेल्या तर दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा टांगा करून दुसरीकडे गेल्या आणि काढून आणला. “काढलं आणि घरी जा म्हणाले. आता काय करायचं ते ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.” पुढच्या अडीच वर्षांत त्यांची दोन बाळंतपणं झाली. दुसऱ्यातली मुलगी नवव्या दिवशी गेली. हे सांगताना त्या गहू निवडत होत्या. सांगून झालं आणि सुपातले खडे वेचत राहिल्या. त्या मुलीचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून त्या एकाच दिवशी ऐकला.

‘रिकामी येऊ नकोस’ याचा अर्थ मला तेव्हा कळला. साधन त्रास देतं म्हणून सोडणारी बाई आणि साधन त्रास देतं म्हणून बदलणारी बाई यांत मधल्या त्या रिकाम्या दिवसांचं अंतर असतं.

तर मी बदललं. गोळ्या सुरू केल्या, रोज एक. पहिले दोन-तीन महिने सकाळी मळमळायचं, छाती दुखरी व्हायची. याची कल्पना होती. गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला लागले तसं मळमळणं थांबलं. रक्त जाणं कमी झालं, पाळी चार दिवसांवर आली, लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर चढलं. मी खूश होते. पाचव्या महिन्यात डोकं दुखायला लागलं. दुखण्याआधी डोळ्यांपुढे एक चकाकणारी नागमोडी रेघ यायची. फळ्यावरची अर्धी अक्षरं दिसायची नाहीत. वीसेक मिनिटांनी ती रेघ जायची आणि मग अर्धं डोकं ठणकायचं. सुंठेचा लेप झाला, चष्म्याचा नंबर तपासून झाला, ‘शाळेत ओरडतेस फार’ हेही ऐकून झालं.

मग एका वेगळ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळ्यांची गोष्ट ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, “डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही चमकतं का?” मी रेघेचं वर्णन केलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “ही गोळी आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून.”

कारण त्यांनी नीट समजावलं. रोजच्या नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन हॉर्मोन्स असतात. डोळ्यांपुढे अशी चमक येऊन होणारी अर्धशिशी ज्या बाईला आहे, तिला इस्ट्रोजेनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. तरुण वयात तो धोका लहान असतो, पण घडलं तर आयुष्याचं नुकसान होतं आणि दुसरी साधनं असताना ते पत्करायचं काही कारण नाही. प्रत्येक डोकेदुखी अशी नसते, हेही त्यांनी सांगितलं. “गोळी वाईट नाही. तुम्हाला चालणार नाही, एवढंच.” आणि निरोधची पाकिटं हातात देऊनच मला बाहेर सोडलं. सासूबाईंच्या तिसऱ्या टांग्याची मला तेव्हा आठवण झाली.

मळमळ आणि ती चमक, दोन्ही एकाच गोळीचे त्रास. एकाला तीन महिने द्यायचे, दुसऱ्याला एक दिवसही नाही. हा फरक मला माझ्या लेकीच्या वयाच्या सगळ्या मुलींना सांगायचा आहे. गोळी सुरू केल्यावर थोडी मळमळ, छाती दुखरी वाटणं, मधेच रक्ताचा डाग, थोडी चिडचिड हे बहुधा दोन-तीन महिन्यांत शांत होतं. नाही झालं तर दुसऱ्या प्रमाणाची गोळी असते. पण पायाची पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, धाप लागली, दिसणं अंधुक झालं, बोलताना शब्द अडखळले, कधी नव्हे इतकं डोकं किंवा पोट दुखलं, तर तीन महिने मोजायचे नाहीत. गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पस्तिशी ओलांडलेली आणि तंबाखू ओढणारी बाई, ब्लडप्रेशर असलेली, पूर्वी शिरेत गुठळी झालेली, अंगावर पाजणारी आणि मूल सहा महिन्यांच्या आतलं असलेली, यांना ही दोन हॉर्मोन्सची गोळी मुळातच देत नाहीत. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिटांवरची काही औषधं चालू असली तर गोळीचा गुण कमी होतो. औषधाच्या दुकानदाराला यातलं काही विचारायला वेळ नसतो. म्हणून पहिलं पाकीट तरी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

गोळीच्या तक्रारी करणाऱ्या बायकांचे आपल्यावर उपकार आहेत, हे मला पुढे वाचून कळलं. १९५६ मध्ये पोर्तो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी झाली. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी लिहून दिलं की गोळी गर्भ राहू देत नाही हे खरं, पण सतरा टक्के बायकांना त्रास होतो आहे आणि सरसकट द्यायला ते जास्त आहे. चाचणी करणाऱ्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या त्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आपल्याकडच्या माला-एनमध्ये आज ३० आहे. मधल्या काळात रक्ताच्या गुठळ्यांची प्रकरणं बाहेर आली. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटपुढे सुनावणी झाली, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून विचारलं की साक्षीला गोळी घेणारी एकही बाई का नाही. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोके सांगणारा कागद घालणं भाग पडलं. तो बारीक अक्षरांचा कागद आपण उघडूनही पाहत नाही, ही गोष्ट वेगळी.

निरोधवर आमचे काही महिने गेले. त्याचा शरीराला काही त्रास नाही, शिवाय रोगांपासून संरक्षण देणारं साधन ते एकच. तरी मला धास्ती वाटायची. मग आठवड्याची गोळी घेतली. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली आणि १९९१ मध्ये बाजारात आली. हल्ली सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ नावाने फुकट मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन, मग एक. यात इस्ट्रोजेन नाही, त्यामुळे मळमळ नाही, आणि पाजणाऱ्या आईलाही चालते. हिच्यामुळे पाळी लांबते, विशेषतः सुरुवातीला. मला चाळीस, पंचेचाळीस दिवसांनी यायची. तब्येतीला काही झालं नाही. पण कालनिर्णयवर पेन्सिलीने केलेल्या फुल्या मोजत ते जास्तीचे पंधरा दिवस काढणं मला जमेना. ज्यांना धीर आहे त्यांना ही गोळी छान चालते. माझ्या जावेने चार वर्षं घेतली.

मनावरचा हा ताणही ‘न मानवण्यात’ धरायचा का? माझ्या मते धरायचा. शरीर कागदोपत्री ठीक आणि बाई रात्री जागी, अशी साधनं कुणी दहा वर्षं वापरत नाही.

बदलताना मधे फट राहू नये यासाठी काही गोष्टी माहीत असाव्यात. तांबी काढली की संरक्षण त्याच क्षणी संपतं, आणि शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून तांबीवरून गोळीवर जायचं असेल तर काढण्याच्या सात दिवस आधी गोळी सुरू करतात, किंवा त्या आठवड्यात निरोध वापरतात. एका गोळीवरून दुसऱ्या गोळीवर जाताना मधे ‘शरीराला आराम’ म्हणून महिना सोडायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्या आरामात दिवस राहिलेल्या दोघी माझ्याच ओळखीत आहेत. ‘अंतरा’ हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. त्याने पाळी आधी अनियमित होते आणि पुढे बऱ्याच जणींची थांबतेच. ती थांबली म्हणजे घाण रक्त आत साठतं, ही समजूत खोटी आहे. अस्तरच पातळ राहतं, साठायला काही नसतं. पण एकदा टोचलं की तीन महिने ते परत काढता येत नाही आणि सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. दोन वर्षांत मूल हवं असणारीने हा हिशेब आधीच करावा. आणि फट राहिलीच तर ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी असते. ती जितकी लवकर तितकी उपयोगी, पण महिन्याच्या महिन्याला घ्यायची ती गोळी नव्हे.

शिबिरातल्या त्या मुलीला मी एवढंच विचारायला सांगितलं होतं: माझं हिमोग्लोबिन इतकं आहे, तांबीने जास्त रक्त जातं, मला दुसरं काय चालेल आणि ते कधीपासून लागू होईल? ती नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केली, कारण जास्त रक्त जाण्याला गाठीसारखी दुसरी कारणंही असतात. तिच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आता तिने तांब्याऐवजी हॉर्मोन असलेलं साधन बसवलं आहे. ते त्याच जागी बसतं, पण त्याने रक्त उलट कमी होतं. महाग आहे, आणि पहिले काही महिने मधेमधे डाग पडतात हे तिला आधीच सांगितलं गेलं. पुढची तपासणीही त्याच दिवशी लिहून घेतली.

आमच्या घरची गोष्ट १९९८ मध्ये संपली. पाचवी पद्धत आमच्या ह्यांची. एक दिवस मी कालनिर्णयपुढे उभी असताना हे म्हणाले, “आता माझी पाळी.” आपण काय बोललो हे लक्षात आलं आणि दोघंही खूप वेळ हसलो. पण ते गंमत करत नव्हते. चार महिने त्यांच्या मनात चाललं होतं. ताकद जाईल का, स्कूटर चालवता येईल का, बँकेत कळलं तर काय, या सगळ्या प्रश्नांतून ते एकटेच जात होते. पुरुषांना हे बोलायला जागाच नाही. बायका निदान हळदीकुंकवाला कुजबुजतात. बिनटाक्याची नसबंदी झाली, वीस मिनिटं लागली, दोन दिवस सुट्टी. ताकद जात नाही, कारण यात फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद करतात, पुरुषी हॉर्मोन तयार होतच राहतं. ऑपरेशन झाल्याबरोबर संरक्षण मिळत नाही एवढं लक्षात ठेवायचं. तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत याची खात्री करून घ्यायची. सासूबाईंनी मुलासाठी डिंकाचे लाडू केले. बाळंतिणीला करतात तसे. दोन माझ्या ताटात ठेवले.

मघाच्याच पाहणीत देशातल्या ३७.९ टक्के विवाहितांनी बाईच्या नसबंदीचा आधार घेतला आहे. पुरुषाच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने करायचं, पुरुषाचं त्वचेला छोटंसं छिद्र पाडून, आणि तरी हे प्रमाण! हा परिच्छेद छापायचा का म्हणून ह्यांना विचारलं. “छाप, पण नाव नको,” म्हणाले. जणू आपल्या मंडळात माझा नवरा कोण ते कुणाला ठाऊक नाही.

पंचेचाळिशीच्या पुढच्या मैत्रिणींनो, पाळी मागेपुढे व्हायला लागली म्हणजे धोका संपला असं नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली तर एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत थांबली तर दोन वर्षं साधन चालू ठेवायचं असतं. आणि मग तांबी काढून घ्यायची असते. ती आपोआप विरघळत नाही. मंडळातल्या एका चौसष्ट वर्षांच्या आजींच्या पोटात गेल्या दिवाळीत सोनोग्राफी करताना तांबी सापडली. कधी बसवली ते साल त्यांना आठवेना. गल्लीतल्या चौघी मिळून एका दुपारी गेल्या होत्या, एवढं आठवत होतं. त्यांतल्या दोघी अजून आहेत, एक देवासला आणि एक उज्जैनला. दोघींनाही फोन करून झाला आहे.